मिन को नाइंग आणि ब्रह्मदेशाची ‘८८ पिढी’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्यानमारवर काही लिहिलं की पुढचे दोन-चार दिवस तेच तेच प्रश्न येत राहतात. निम्म्याहून अधिक प्रश्नांची गाडी फिरून एका माणसापाशी येते, म्हणून त्या माणसाला मध्यभागी ठेवून ते सगळे इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे तो क्रमांक सांगितला आहे.

१. हे मिन को नाइंग कोण? आंग सान स्यू ची माहीत आहेत, हे नाव मात्र पहिल्यांदाच वाचतोय.

म्यानमारमधले सर्वांत ज्येष्ठ ‘विद्यार्थी नेते’. जन्म १८ ऑक्टोबर १९६२, रंगून. म्हणजे वयाची साठी उलटली, तरी तिकडे त्यांची ओळख विद्यार्थी नेता हीच आहे. १९८८ साली ते रंगून विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत होते. लष्करी राजवटीविरुद्ध पेटलेल्या उठावाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं आणि तिथून पुढे शिक्षण, नोकरी, घर हे सगळं मागे पडलं.

स्यू ची १९८८ मध्ये आजारी आईची शुश्रूषा करायला परदेशातून परतल्या आणि त्यांची मोठी जाहीर सभा झाली ती २६ ऑगस्टला. विद्यार्थी मार्चपासून गोळ्या खात होते. हा क्रम बाहेरच्या जगाच्या लक्षातच राहिला नाही.

मला विचाराल तर त्यांचं वेगळेपण त्यागात नाही. त्याग त्या देशात पुष्कळांनी केला आहे. भेदरलेल्या माणसाला आज, जागच्या जागी काय करता येईल हे ओळखण्यात ते आणि त्यांचे साथी पटाईत होते. प्रश्न ८ मध्ये हे तपशिलात येतं.

२. हे खरं नाव आहे का? त्यातला ‘को’ म्हणजे दादा ना?

खरं नाव पॉ ऊ टुन. ‘मिन को नाइंग’ हे भूमिगत पत्रकांवर सही करायला घेतलेलं नाव, अर्थ ‘राजांना जिंकणारा’. बरोबरीच्या किंवा थोड्या मोठ्या पुरुषाच्या नावाआधी ‘को’ लावतात हे बरोबर (उदाहरणार्थ को जिमी), पण इथला ‘को’ तो नव्हे, तो नावाच्या मधलाच आहे. आणि आडनाव विचारू नका. बर्मी लोकांत आडनावच नसतं.

३. चहाच्या दुकानात कुठलं गाणं लावायचं यावरून क्रांती झाली म्हणतात. खरंच?

भांडण खरं आहे. १२ मार्च १९८८ च्या संध्याकाळी रंगूनच्या तंत्रशिक्षण संस्थेजवळ ‘सांडा विन’ नावाच्या चहाच्या दुकानात विद्यार्थी आणि स्थानिक तरुण यांच्यात कॅसेटवरून जुंपली आणि एका विद्यार्थ्याचं डोकं फुटलं. मारणाऱ्याला पोलिसांनी पकडलं आणि लगेच सोडलंही, कारण त्याचा बाप सत्ताधाऱ्यांच्या स्थानिक परिषदेत होता. दुसऱ्या दिवशी जाब विचारायला निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि फोन मॉ हा विद्यार्थी ठार झाला.

१६ मार्चला इन्या तलावाकाठी मोर्चा अडवून विद्यार्थ्यांना झोडपण्यात आलं. काही जण पाण्यात बुडून मेले. त्याच आठवड्यात पोलिसांच्या बंद गाडीत कोंबलेले ४१ जण गुदमरून मेले. सरकारने ही गोष्ट दडवली आणि जुलैमध्ये कबूल केली.

पण कॅसेट ही ठिणगी. दारू आधीच ठासलेली होती. ५ सप्टेंबर १९८७ रोजी देशाचे लष्करशहा जनरल ने विन यांनी २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा एका फटक्यात बाद केल्या, बदलून मिळण्याची सोय न ठेवता. नंतर ४५ आणि ९० क्यातच्या नोटा आल्या. का, तर नऊ हा आकडा त्यांना शुभ वाटायचा. विद्यार्थ्यांनी फी आणि खाणावळीसाठी गाठीला ठेवलेले पैसे रातोरात कागद झाले. नोटबंदीचा अनुभव घेतलेल्या आपल्या वाचकांना यापुढे काही समजावून सांगायला नको. आपल्याकडे निदान रांगेत उभं राहून नोटा बदलून मिळत होत्या.

४. ८-८-८८ ला नेमकं काय झालं?

देशव्यापी संप. तारीख विद्यार्थ्यांनी ठरवली आणि ती बीबीसीच्या बर्मी प्रसारणातून घरोघरी पोहोचली. सकाळी ८ वाजून ८ मिनिटांनी रंगूनच्या गोदी कामगारांनी काम टाकलं असं सांगतात. त्यामागोमाग भिक्खू, परिचारिका, शाळकरी मुलं, सरकारी कारकून असे सगळे रस्त्यावर आले. त्या रात्रीच सैन्याने गोळीबार सुरू केला.

त्याआधी २३ जुलैला ने विन पायउतार झाले होते, पण जाता जाता बजावून गेले होते की सैन्य गोळी झाडतं ती हवेत नव्हे, नेम धरून. त्यांच्यानंतर आलेले सेन ल्विन तीन आठवडेही टिकले नाहीत. २८ ऑगस्टला विद्यार्थी संघटनांचा अखिल बर्मी महासंघ पुन्हा उभा राहिला आणि अध्यक्षपदी मिन को नाइंग आले. १८ सप्टेंबरला लष्कराने उघडपणे सत्ता हातात घेतली. एकूण बळी साधारण ३,००० मानले जातात. सरकारी आकडा त्याच्या कितीतरी खाली होता.

५. विद्यार्थी संघटनेची सेनाधिकाऱ्यांना एवढी धास्ती का?

कारण त्या देशातलं राजकारण तिथूनच सुरू होतं. स्वातंत्र्याचे शिल्पकार आंग सान (स्यू चींचे वडील) १९३६ च्या विद्यार्थी संपातून पुढे आले. ब्रिटिशांना जड गेलेली गोष्ट आपल्यालाही जड जाणार हे ने विन ओळखून होते. सत्ता घेतल्यावर चार महिन्यांत, ७ जुलै १९६२ रोजी, त्यांच्या सैनिकांनी विद्यापीठात गोळीबार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थी संघाची इमारत सुरुंग लावून उडवून दिली. मिन को नाइंग त्याच वर्षी जन्मले. इमारत नव्हती तेव्हा १९८८ मध्ये महासंघ उभा राहिला तो प्रांगणात, चारचौघांत.

६. पुढारी होण्याआधी ते करत काय होते? ‘नट होते’ असं कुठेतरी वाचलं.

कॉलेजातल्या नाटकमंडळींपैकी होते, शिवाय कविता आणि व्यंगचित्रंही. एप्रिलमध्ये थिंजान हा बर्मी नववर्षाचा पाण्याचा सण असतो. त्यात ‘थांज्यात’ नावाचा प्रकार सादर होतो. एक जण खणखणीत आवाजात ओळ टाकतो, बाकीचे ढोलकीच्या ठेक्यावर एका सुरात ती परतवून लावतात, आणि त्या ओळींत महागाई, लाचखोरी, साहेब, मंत्री सगळ्यांची हजेरी घेतली जाते. आपल्या तमाशातल्या बतावणीला जी मोकळीक असते तीच इथेही. सणापुरती चेष्टा खपवून घ्यायची असा रिवाज. मिन को नाइंग यांच्या विद्यार्थी चमूने विद्यापीठात ही मोकळीक ताणता येईल तेवढी ताणली. एकाने टाकलेली ओळ शंभर जणांनी उचलायची ही त्यांची पहिली तालीम, आणि पुढे मोर्च्यांतल्या घोषणाही त्याच पद्धतीने चालल्या. १९८८ नंतर लष्कराने थांज्यातवर बंदी घातली, ती उगाच नव्हे.

७. शिक्षा १० वर्षांची होती तर १५ वर्षं आत कसे राहिले? आकड्यात चूक आहे का?

चूक नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून नीट सांगतो.

मार्च १९८९ मध्ये अटक झाली. १९५० च्या आणीबाणी तरतूद कायद्याचं कलम ५(ञ) लावून २० वर्षांची शिक्षा झाली. १९९३ च्या सर्वसाधारण माफीत ती १० वर्षांवर आली. म्हणजे १९९९ मध्ये ते बाहेर यायला हवे होते. तेव्हा लष्कराने १९७५ च्या राज्य संरक्षण कायद्याचं कलम १०(अ) काढलं. त्यात खटला लागत नाही, आरोपपत्र लागत नाही, मुदत वाढवत नेता येते. आपल्याकडे प्रतिबंधक स्थानबद्धता म्हणतात त्याचाच हा भाऊ. शिक्षा संपल्यावरही कैदी आतच.

अखेर १९ नोव्हेंबर २००४ ला सुटले ते सिट्वेच्या तुरुंगातून. तेही कुणाला दया आली म्हणून नाही. गुप्तचर प्रमुख आणि पंतप्रधान खिन न्युंट यांना त्यांच्याच सहकाऱ्यांनी आदल्या महिन्यात उडवलं होतं आणि त्यांच्या खात्याने चुकीने पकडलेले लोक सोडत आहोत असा देखावा करायचा होता.

या १५ वर्षांतला बहुतेक काळ एकांत कोठडीत गेला. सुरुवातीच्या चौकशीत त्यांना दिवसचे दिवस पाण्यात उभं केलं होतं, त्यामुळे डाव्या पायाची संवेदना गेली, असं मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत नोंदलेलं आहे.

८. पांढरे कपडे घालून काय होतं? ही कसली चळवळ?

हसू येणं साहजिक आहे. पण परिस्थिती पाहा. त्या काळात पाचहून जास्त माणसांनी एकत्र जमणं हा गुन्हा होता. अशा ठिकाणी मोर्चाची हाक देणं म्हणजे लोकांना थेट तुरुंगात पाठवणं. पांढरा सदरा मात्र प्रत्येकाच्या घरात असतो, आणि तो घातला म्हणून कोणतं कलम लावायचं हे हवालदारालाही कळत नाही.

२००५ नंतर सुटून आलेल्या जुन्या साथींनी ‘८८ पिढीचे विद्यार्थी’ या नावाने गट बांधला. सप्टेंबर २००६ च्या अखेरीस मिन को नाइंग, को को जी यांच्यासह पाच जणांना पुन्हा उचललं. बाहेर राहिलेल्यांनी ऑक्टोबरमध्ये सह्यांची मोहीम घेतली आणि पाच लाखांहून अधिक लोकांनी स्वतःच्या नावानिशी सही केली. पाठोपाठ पांढऱ्या कपड्यांची मोहीम आली, मग धर्मस्थळांत जाऊन प्रार्थना करण्याची. ४ जानेवारी २००७ ला, स्वातंत्र्यदिनी, पत्रमोहीम सुरू झाली. राजकीय भाषा नको, घोषणा नको, रोजच्या जगण्यात जे खुपतं ते कागदावर लिहून द्या, एवढंच मागणं. ११ जानेवारीला पाचही जण सुटले. त्यानंतर रविवारी पांढऱ्या कपड्यांत राजकीय कैद्यांच्या घरच्यांना भेटायला जाण्याचा पायंडा पडला.

यातलं बरंच काही सुरू झालं तेव्हा मिन को नाइंग स्वतः आत होते. पुढारी नसताना चळवळ बंद पडली नाही, ही मला त्यांच्या पुढारीपणाची पावती वाटते.

मग १५ ऑगस्ट २००७ ला सरकारने एका रात्रीत डिझेल दुप्पट आणि सीएनजी पाचपट महाग केला. बसभाडं हाताबाहेर गेलं. १९ तारखेला हे लोक चालत निघाले. भाडं परवडत नाही म्हणून चालतोय, यात बेकायदा काय? काहीशे माणसं सोबत झाली. २१ च्या रात्री १३ जणांना अटक झाली. मोर्चे थांबले नाहीत. सप्टेंबरमध्ये भिक्खू उतरले, त्यांनी भिक्षापात्रं उलटी धरून सैनिकी कुटुंबांची भिक्षा नाकारली आणि जगाने त्याला ‘भगवी क्रांती’ म्हटलं. बातम्यांत सप्टेंबर दिसतो, ऑगस्टची ती पायपीट राहून जाते.

९. ६५ वर्षांची शिक्षा? असा काय गुन्हा केला होता?

ईमेल आणि व्हिडिओ. २००४ च्या इलेक्ट्रॉनिक व्यवहार कायद्याखाली चार आरोप, प्रत्येकी १५ वर्षं. बेकायदा संघटना उभारल्याबद्दल आणखी ५. बेरीज ६५. निकाल लागला ११ नोव्हेंबर २००८ ला, तुरुंगाच्या आतच. गटातल्या इतरांनाही तेवढीच शिक्षा. मग मुद्दाम एकेकाला वेगळं करून लांब धाडलं. मिन को नाइंग यांना शान प्रांतात, पार पूर्वेला केंगतुंगच्या तुरुंगात. घरच्यांनी रंगूनहून भेटायला जायचं तर प्रवासातच कंबर मोडावी.

१३ जानेवारी २०१२ रोजी राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांच्या माफीत ते सुटले.

१०. एकूण किती वर्षं तुरुंगात गेली?

तिन्ही वेळा मिळून २० वर्षांहून थोडी जास्त. २००९ चा ग्वांगजू मानवी हक्क पुरस्कारही केंगतुंगमध्ये असतानाच जाहीर झाला.

११. सुटल्यावर निवडणूक का लढवली नाही? मंत्री तरी झाले असते.

झाले असते, यात शंका नाही. २०१५ मध्ये स्यू चींच्या पक्षाची लाट होती. ८८ पिढीतले प्योन चो त्या पक्षाकडून संसदेत गेले. को को जी यांना मात्र पक्षाने उमेदवारीच दिली नाही आणि त्यावरून बरीच नाराजी झाली. त्यांनी पुढे स्वतःचा पक्ष काढला. मिन को नाइंग दोन्हीकडे गेले नाहीत. ते संघटनेतच राहिले आणि शेतकऱ्यांच्या जमिनी, कामगार, शांतता चर्चा, विद्यार्थी हे विषय धरून गावोगाव फिरत राहिले.

२०१४ मध्ये मात्र ते पक्षासोबत एका मोहिमेत उतरले. २००८ च्या राज्यघटनेत संसदेच्या २५ टक्के जागा लष्कराला राखून ठेवल्या आहेत आणि दुरुस्तीला ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागतात. हिशेब सरळ आहे, लष्कराच्या मर्जीशिवाय घटनेतला शब्द हलत नाही. ही अट ज्या कलम ४३६ मध्ये आहे ते बदला म्हणून जवळपास ५० लाख सह्या गोळा झाल्या. जून २०१५ मध्ये संसदेत मतदान झालं आणि ठराव पडला. प्रश्न ८ मधल्या पद्धतीची मर्यादा इथे उघडी पडते. सह्यांनी भीती मोडते, राखीव जागा मोडत नाहीत.

१२. मानवी हक्कांचे एवढे पुरस्कार, आणि रोहिंग्यांवर गप्प? हा दुटप्पीपणा नाही का?

बोचरा प्रश्न आहे आणि रास्त आहे. २०१२ मध्ये राखाइन प्रांतात दंगली उसळल्या तेव्हा ८८ पिढीच्या वतीने को को जी यांनी जाहीरपणे सांगितलं की रोहिंग्या हा आमच्या देशातला वांशिक गट नाही. गटातलं सर्वांत मोठं नाव मिन को नाइंग यांचं, त्यामुळे जबाबदारी त्यांच्यापर्यंत पोहोचतेच. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने या लोकांना देश असूनही देशाबाहेर केलं होतं, आणि ऑगस्ट २०१७ नंतर ७ लाखांहून अधिक माणसं बांगलादेशात पळाली. लोकशाहीवाद्यांपैकी फार थोडे त्यांच्या बाजूने बोलले.

‘लष्कराला निमित्त मिळू नये म्हणून’ हा बचाव मी वाचला आहे. मला तो पटत नाही. बहुसंख्य समाज दुखावेल ही भीती त्यामागे जास्त होती.

२०२१ नंतर सूर बदलला. लष्करविरोधी राष्ट्रीय एकता सरकारने ३ जून २०२१ रोजी रोहिंग्या हे नाव घेऊन धोरण जाहीर केलं आणि १९८२ चा कायदा बदलण्याचं वचन दिलं. तरुण बर्मी मुलामुलींनी समाजमाध्यमांवर माफी मागितली. बंदुका स्वतःकडे वळल्यावर हे सुचलं, असं कुणी म्हटलं तर त्याला खोटं पाडता येणार नाही.

१३. ८८ पिढी पूर्ण अहिंसक होती का?

नाही, आणि इथे बऱ्याच लेखांत घोटाळा होतो. सप्टेंबर १९८८ च्या सत्तापालटानंतर हजारो विद्यार्थी थायलंड, चीन आणि भारताच्या सीमेकडे गेले. त्यांतल्या काहींनी त्या नोव्हेंबरमध्ये अखिल बर्मी विद्यार्थी लोकशाही आघाडी काढून शस्त्रं हाती घेतली. काचिन प्रांतातल्या त्यांच्या छावणीत १९९१-९२ मध्ये हेर असल्याच्या संशयावरून स्वतःच्याच साथींचा छळ आणि हत्या झाल्या. हा त्या चळवळीवरचा डाग आहे. मिन को नाइंग यांचा महासंघ वेगळा. नावं सारखी वाटतात म्हणून एकाचं श्रेय किंवा पाप दुसऱ्याच्या माथी मारू नये. २०२१ नंतरची गोष्ट पुढच्या प्रश्नात.

१४. आता ते कुठे आहेत?

१ फेब्रुवारी २०२१ ला पुन्हा लष्करी सत्तापालट झाला. १३ फेब्रुवारीला सात जणांविरुद्ध कलम ५०५(ब) खाली वॉरंट निघालं, त्यात मिन को नाइंग होते. या वेळी ते हाती लागले नाहीत, भूमिगत झाले. १६ एप्रिलला राष्ट्रीय एकता सरकार स्थापन झालं, त्याची घोषणा करणारा व्हिडिओ त्यांचा होता. पद तेव्हाही घेतलं नाही.

वॉरंटमधलं दुसरं नाव को जिमी, म्हणजे क्यॉ मिन यू. १९८८ पासूनचे साथी. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते पकडले गेले आणि जुलै २०२२ मध्ये माजी खासदार फ्यो झेया थॉ आणि आणखी दोघांसह त्यांना फाशी दिली गेली. त्या देशात कित्येक दशकांत फाशी झाली नव्हती.

तोवर लढा सशस्त्र झाला होता. मे २०२१ मध्ये एकता सरकारने लोकसंरक्षण दल उभं केलं, सप्टेंबरमध्ये युद्धाची हाक दिली. को को जींच्या पक्षाने मात्र लष्कराच्या निवडणूक आयोगाकडे नोंदणी केली. म्हणजे १९८८ चे तीन साथी: एक फासावर, एक भूमिगत, एक नोंदणीकृत पक्षाचा अध्यक्ष. ‘८८ पिढीचं मत काय’ असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो, ते एक मत आता राहिलेलं नाही.

१५. महाराष्ट्राचा याच्याशी काही संबंध?

ओढूनताणून जोडायचा नसेल तर दोन धागे खरे आहेत. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते आणि ‘गीतारहस्य’ तिथे लिहिलं गेलं. उलट ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. थिबा पॅलेस आणि त्याची समाधी कोकणात जाणाऱ्या पुष्कळांनी पाहिलेली असते. ज्या थेन सेन यांनी जानेवारी २०१२ मध्ये मिन को नाइंग यांना सोडलं, तेच त्या डिसेंबरात रत्नागिरीला समाधीच्या दर्शनाला आले होते. राजाला मान देणं त्यांना सोपं गेलं असावं, तो बोलत नव्हता.

तिसरा धागा जॉर्ज फर्नांडिस यांचा. तो खाली आहे.

१६. भारताने त्या विद्यार्थ्यांना मदत केली होती ना? आणि ते विमान अपहरणाचं काय प्रकरण?

१९८८ मध्ये भारत उघडपणे विद्यार्थ्यांच्या बाजूने होता. आकाशवाणीची बर्मी सेवा लष्करावर टीका करत होती आणि सीमेवर आलेल्यांना आसरा मिळत होता. १९९० च्या दशकात ईशान्येतली बंडखोरी आणि चीनचा वाढता वावर पाहून दिल्लीने लष्कराशी जुळवून घेतलं.

व्यक्तिगत पातळीवर मदत चालू राहिली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे आणि कामगारांचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस यांनी दिल्लीतल्या कृष्ण मेनन मार्गावरच्या आपल्या बंगल्यात बर्मी विद्यार्थ्यांना राहायला आणि कामाला जागा दिली. संरक्षणमंत्री झाल्यावरही ती काढून घेतली नाही.

अपहरण १० नोव्हेंबर १९९० चं. दोन बर्मी विद्यार्थ्यांनी बँकॉकहून निघालेलं थाई विमान कोलकात्याला उतरवलं. बॉम्ब खोटा होता, मागणी एकच, पत्रकार परिषद घेऊ द्या. त्यांतल्या सो मिंट यांनी १९९८ मध्ये दिल्लीत ‘मिझिमा’ ही वृत्तसंस्था सुरू केली. खटला रेंगाळला आणि २००३ मध्ये ते निर्दोष सुटले. २०१२ मध्ये मिझिमाने रंगूनमध्ये कार्यालय थाटलं. ८ मार्च २०२१ रोजी लष्कराने ज्या पाच माध्यमांचे परवाने रद्द केले त्यांत मिझिमाही होती. तिच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या, परवान्याशिवाय.